इच्छास्वातंत्र्याचा तास

शिरूरच्या कॉलेजात मी तत्त्वज्ञान शिकवत होते, तेव्हा एका वाक्यानं माझं डोकं उठायचं. "मॅडम, मग उत्तर काय लिहायचं?"

माणूस स्वतंत्र आहे का, या प्रश्नावर मी आठवडाभर घसा कोरडा करायची. जगातल्या प्रत्येक गोष्टीला कारण असतं, तसं आपल्या निवडीलाही असणार. मग ती निवड आपली कशी म्हणायची? आणि आपली नसेल तर चोराला शिक्षा तरी कशाला करायची? मुलं ऐकून घ्यायची, माना डोलवायची, आणि तास संपता संपता मागच्या बाकावरून कोणीतरी ते वाक्य टाकायचं. दहा मार्कांना आलं तर शेवटी काय लिहायचं, माणूस स्वतंत्र आहे का नाही? मी म्हणायची, "तुम्हाला जे वाटतं ते कारणांसकट लिहा." त्यावर वर्ग माझ्याकडे असा बघायचा, जसं काही मी उत्तर घरी विसरून आलेय.

मी राहते दौंडला. नवरा रेल्वेत, घर रेल्वेच्याच क्वार्टरमध्ये. अर्धा आठवडा दौंडमधल्या एका कॉलेजात आणि अर्धा शिरूरला, असं माझं चालायचं. दोन्हीकडे तासिका तत्त्वावर. म्हणजे नेमणूक वर्षापुरती, पुढच्या वर्षी तास असले तर आपण असायचं. शिरूरला जायचं म्हणजे पाटस, चौफुला, न्हावरे असं धक्के खात. दौंडातच पूर्ण काम मिळव, असं घरातले म्हणायचे. पण शिरूरला तत्त्वज्ञान हा स्पेशल विषय होता, सलग दोन वर्षं तीच मुलं हाताखाली असायची. एखादा वाद आज अर्धा राहिला तर उद्या पुढे नेता यायचा. दौंडला हे सुख नव्हतं.

त्या वर्षी एस. वाय.च्या वर्गात एक मुलगी होती, कवठे येमाईची. घरची फुलशेती, बागायत बरी. सुरुवातीला मी तिच्याकडे फारसं लक्ष दिलं नव्हतं. नीतिशास्त्राच्या एका तासाला मी उदाहरण दिलं: रस्त्यात एकाचा अपघात झालाय. एक पुढारी गाडी थांबवून त्याला दवाखान्यात पोचवतो, कारण निवडणूक जवळ आलीय आणि गाडीत फोटो काढणारा आहे. हे काम चांगलं म्हणायचं का?

वर्ग हसला. पुढच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "मॅडम, जखमीला काय करायचंय? तो वाचला ना?"

ती मुलगी हात वर न करताच बोलली. "पण मॅडम, त्या पुढाऱ्याला स्वतःला तरी कळतं का? फोटो काढणारा नसता तर आपण थांबलो असतो का नसतो, हे?"

मी खडू खाली ठेवला. आपल्या मनातला हेतू आपल्याला तरी दिसतो का, हा प्रश्न एम. ए.ला असताना पुण्यात एका सेमिनारला मी पहिल्यांदा ऐकला होता. इथे एक मुलगी डबा खाऊन आल्यासारखी सहज तो विचारून बसली होती. त्या दिवसानंतर मी वर्गाची तयारी तिला डोळ्यापुढे ठेवून करू लागले. देव असेल तर दुःख का, स्वप्न आणि जागेपण यांत फरक कसा सांगायचा, शरीराबरोबर मन संपतं का, प्रत्येक वेळी ती कुठेतरी असं बोट ठेवायची की मला बसमध्ये परतताना विचार करत यावं लागायचं. आणि हळूहळू बाकीची मुलंही तिच्याशी भांडायला म्हणून तोंड उघडू लागली. 'उत्तर काय लिहायचं' हे वाक्य काही आठवडे ऐकूच आलं नाही.

वर्षाअखेरीला विभागप्रमुख सरांनी मला बोलावलं. ते मूळचे राज्यशास्त्राचे. तत्त्वज्ञान त्यांच्याकडे जोडून दिलेलं.

"मॅडम, टी. वाय.ला स्पेशल ठेवायचा तर ठराविक संख्या लागते. तुमची मुलं जेमतेम तेवढी हायेत. एक जरी गळालं तरी मला वर काही सांगता येणार नाही."

"गळणार नाही कोणी," मी म्हणाले.

जूनमध्ये कॉलेज उघडलं आणि ती मुलगी आलीच नाही.

फोन लावला तर उचलला नाही. तिच्या मैत्रिणीनं सांगितलं, तिला रांजणगावला कंपनीत काम लागलंय, पॅकिंगच्या लाइनवर. माझ्या डोक्यात लगेच पूर्ण चित्र तयार झालं: घरच्यांनी शिक्षण तोडलं, पोरीच्या जातीला एवढं शिकून काय करायचंय असं कोणीतरी म्हणालं असणार, आता वर्षभरात लग्न. मी चिडले आणि त्याच आठवड्यात एका दुपारी कवठ्याच्या एसटीत बसले. वाटभर मी काय काय बोलायचं ते जुळवत होते. हुशार मुलीचं नुकसान करताय, एकच वर्ष राहिलंय, वगैरे.

घर शेतातच होतं. ओट्यावर तिची आई शेवंती निवडत बसली होती, आणि तिचे आजोबा, ज्यांना घरात सगळे आबा म्हणत, बाजेवर टेकले होते. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी पाणी मागवलं.

"बसा मॅडम. यील ती आता. कंपनीची गाडी मलठणला सोडती, तिथनं येती."

मी एकदम विषयाला हात घातला. "आबा, तिचं शिक्षण का थांबवलं?"

"आम्ही?" आबा सरळ बसले. "आवो, म्या तर म्हणलं, शिकतीयास तर शीक की. तिच्या आईनंबी तेच सांगितलं. पर ऐकंल तवा ना! तुम्हीच सांगा आता तिला."

आईनं मान हलवली. "मला तर वाटलं व्हतं, मास्तरीण व्हईल तुमच्यासारखी."

मी भांडायच्या तयारीनं आले होते आणि तिथे भांडायला कोणी नव्हतं. हे मला इतकं अडचणीचं होईल असं वाटलं नव्हतं.

ती आली तेव्हा कंपनीचा निळा शर्ट अंगात होता, ओळखपत्र गळ्यात. मला बघून चपापली, मग हसली. तोंड धुऊन माझ्यासमोर बसली. वर्गात ती जपून बोलायची, इथे तिची बोली वेगळी होती.

"मॅडम, तुम्ही कशाला आला एवढ्या लांब?"

"तुला घेऊन जायला. एक वर्ष राहिलंय. कंपनी काय, नंतरही मिळेल."

"मला जायचंय तिथं. कुणी पाठवलं न्हाई."

"तसं तुला वाटतंय. घरातून नाही तर आजूबाजूनं दबाव असतो. गावातल्या चार मुली गेल्या, गाडी मलठणपर्यंत येते, हातात काहीतरी येतं, म्हणून तू गेलीस. परिस्थितीनं नेलं तुला. याला निवड नाही म्हणत."

तिनं थोडा वेळ विचार केला. वर्गात करायची तसाच, खाली बघून.

"मग कॉलेजला आले ती बी परिस्थितीच की. सकाळची एसटी शिरूरला जात व्हती, मैत्रिणी चालल्या व्हत्या. तत्त्वज्ञान तर यासाठी घेतलं, का इतिहासाला जागा भरल्या व्हत्या. तवा तुम्ही न्हाई म्हणला, ही निवड न्हाई म्हणून."

मी सुपातली एक शेवंती उचलून तिच्या पाकळ्या खुडू लागले.

"तुम्हाला पटंल असं केलं की माझी इच्छा, आन् न पटंल असं केलं की परिस्थिती. असं कसं, मॅडम?"

आबा आमच्याकडे आळीपाळीनं बघत होते. त्यांना वाटत असावं, भांडण लागलंय. मला वाटत होतं, हे भांडण वर्गात व्हायला हवं होतं, पंधरा पोरांसमोर, आणि मग मी आनंदानं वेडी झाले असते. इथे ओट्यावर मला फक्त हरल्यासारखं वाटत होतं.

मी दुसरीकडून गेले. "बरं. पण तुला आवडत होतं ना?"

"लई आवडत व्हतं."

"मग?"

"आवडतं म्हणून करायलाच पाहिजे का? मला लाइनवरबी आवडतंय. घरी आल्यावर डोकं मोकळं असतं. तुमचा तास झाला की मला जेवण जायचं न्हाई."

मग तिनं एकदम विचारलं, "मी न्हाई आले तर वर्ग बंद व्हणार ना? मैत्रीण सांगत व्हती."

"हो."

"मग तुम्ही माझ्यासाठी आलाय का वर्गासाठी?"

"दोन्हीसाठी," मी म्हणाले. आवाज चढला होता.

"वर्गात पुरेशी पोरं असती, तर आला असता?"

तिच्या स्वरात टोमणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, जसं त्या पुढाऱ्याबद्दल घ्यायचं होतं. आणि खरंच मला माहीत नव्हतं. मी मनाच्या आत बघायचा प्रयत्न केला तर तिथे तिची काळजीही होती आणि माझे तासही होते, आणि दोन्ही वेगळे काढता येत नव्हते. ही गोष्ट मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आले होते. ती स्वतःबद्दल खरी निघाल्यावर तिचा उपयोग शून्य होता.

"शेवटची गाडी जाईल," मी उठत म्हणाले. आईनं शेवंतीची पिशवी हातात दिली. नको म्हणवेना.

एसटीत मी खिडकीशी बसून मनातल्या मनात तिला उत्तरं देत राहिले. एकही धड जमलं नाही. चीड तिची नव्हती, घरच्यांची नव्हती, सरांचीही नव्हती. कोणावर तरी असती तर बरं झालं असतं.

स्पेशल बंद झाला. उरलेली मुलं राज्यशास्त्राला आणि इतिहासाला वाटली गेली. "पुढच्या वर्षी बघू," असं सर म्हणाले, आणि पुढच्या वर्षी कोणी काही बघितलं नाही. मी दौंडपुरती राहिले. प्रथम वर्षाला तर्कशास्त्र शिकवायचं. अनुमानाचे प्रकार, सत्यतेचे तक्ते. तिथे प्रत्येक प्रश्नाला उत्तर असतं, मुलं खूश असतात. मी नव्हते. भांडी घासताना, स्टेशनवर नवऱ्याची वाट बघताना, मी त्या ओट्यावरच्या वादाकडे परत परत जायची.

आणि एक दिवस मला तिचं उत्तर सापडलं. निवडीला कारणं असतात, हे मान्य. कॉलेजला येण्यालाही होती, कंपनीत जाण्यालाही. पण काही निवडी पुढच्या निवडी वाढवतात आणि काही कमी करतात. स्वातंत्र्य एका क्षणात आहे का नाही असं मोजायचंच नाही. वाटा वाढल्या का मिटल्या, ते बघायचं. तेव्हा परिस्थिती दोन्हीकडे असली तरी दोन्ही निवडी सारख्या नव्हत्या. मला इतका आनंद झाला की मी कुकरच्या शिट्ट्या मोजायला विसरले. भात करपला.

या उन्हाळ्यात एका जुन्या दाखल्यासाठी शिरूरला गेले होते. स्टँडबाहेरच्या रसाच्या गुऱ्हाळापाशी ती दिसली. तोच निळा शर्ट, पण आता लाइनवरच्या बाकीच्या मुलींवर देखरेख करायचं काम तिच्याकडे होतं. तिनं वाकून नमस्कार केला, बळंच बाकावर बसवलं, रस मागवला. आबा बरे आहेत, आई बरी आहे. मी एवढं ऐकून घेतलं आणि मग राहवेना. वर्षभर घोळवलेलं उत्तर मी तिथंच, मिक्सरच्या आणि चरकाच्या आवाजात, पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं.

तिनं ग्लास खाली ठेवून नीट ऐकलं. एका ठिकाणी अडवलंसुद्धा: "म्हंजी वाटा कुणी मोजायच्या, मी का तुम्ही?" मी म्हणाले, तूच, पण नंतर मागे वळून. तिनं मान डोलावली.

"पटलं, मॅडम. हे बरोबर हाय. तवा सुचायला पाहिजे व्हतं तुम्हाला."

"तेव्हा सुचलं असतं तर आली असतीस?"

"आले असते बहुतेक." ती अगदी सरळ म्हणाली. "पर आता काय करू त्याचं?"

आता दूरस्थ शिक्षण असतं, बाहेरून परीक्षा देता येते, असं मी सांगू लागले. ती ऐकत होती, पण तिची नजर रस्त्याकडे होती. कंपनीची गाडी वळणावर आली, हॉर्न वाजला. माझा पर्सकडे गेलेला हात अडवून तिनं दोन्ही रसांचे पैसे देऊन टाकले, "येते मॅडम, उशीर झाला की बाकीच्या खोळंबतात," म्हणाली, आणि पळत जाऊन गाडीत चढली.

न्हावऱ्याची एसटी लागली होती. मी मागच्या चाकावरच्या सीटवर बसले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कोणाला तरी माझा युक्तिवाद पूर्ण पटला होता, आणि पाटस येईपर्यंत माझ्या अंगाची आग आग होत होती.