तांबडीने मुठीवर ठेवलेला विश्वास

वाघोलीत घरामागे मी कोंबड्या पाळतो, हे तुम्हाला माहीत आहे. तांबडीचे व्हिडिओ तुम्हीच लाइक केलेत.

दाणे भरवताना ती बोटांतून रक्त काढायची. मग मी शिकवलं. चोच मारली की मूठ बंदच ठेवायची, शांत उभी राहिली की उघडायची. हळूहळू इतकी शहाणी झाली, की माझी छोटी नातही तिला तळहातावरून मका भरवायला लागली.

आज सकाळी तांबडी गेली. शेजारच्या काकूंनी गच्चीवरून पाहिलं.

"अहो, कुंपणावर वाकून एकाने मूठ पुढे केली. ती आपणहून जाऊन शांत उभी राहिली. उचलून पिशवीत घातली तरी ओरडली नाही. मला वाटलं, तुमचेच कोणी पाहुणे असतील."

पाहुणेच ते. जेवणाची सोय स्वतःच करून गेले.

आता काळी आणि कवडी या दोन कोंबड्या उरल्यात. तांबडीचं पाहून त्याही तेच शिकल्या होत्या. संध्याकाळी दाणे घेऊन गेलो, तर दोघी मुठीसमोर गुमान उभ्या. मी मूठ उघडलीच नाही. हाकललं, तरी परत येऊन उभ्या.

अनोळखी हाताला चोच मारायला कोंबडीला कसं शिकवतात? कोणाला माहीत असेल तर सांगा.