दाजींचा कोबा

पडक्या भिंतीचं सुतक धरायचं सोडून तिचं बारसं करणारा माणूस उभ्या सोलापुरात एकच होता, आणि तो नेमका आमच्या थोरल्या बहिणीच्या पदरात पडला. आमचे हे दाजी शाळेत गणित शिकवत, पण जीव सगळा राडारोड्यात. कुठं घर पाडायला काढलं की मालकाच्या आधी दाजी हजर. विटा वाजवून बघायच्या, जुन्या काँक्रीटची ढेकळं निवडायची आणि पोतं भरून सायकलला लावायचं. माढ्याला एका लग्नात पंगत खोळंबली आणि शोधाशोध झाली, तर हे मांडवामागं पडक्या हौदाचे तुकडे वेचत बसलेले. घरी आणून ते फोडायचे, चाळायचे, धुवायचे आणि खडीऐवजी नव्या काँक्रीटमध्ये घालायचे. मी एकदा हसलो, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "पाव्हणं, दुष्काळात माज्या आईनं खडी फोडलीय. फोडलेला दगड मला टाकवत न्हाय." पुढं माझ्या नव्या घराच्या जमिनीला कोबा घालायचं काम त्यांच्याकडेच गेलं.

त्या सुमारास चादरींचं सूत रंगवायचा एक जुना रंगखाना पाडला होता. त्याचा सगळा ढीग दाजींनी आनंदानं आमच्या कोब्यात जिरवला. पाणी मारताना थोडी लाली दिसली, ती त्यांनी विटेची समजली. वास्तुशांतीच्या दिवशी आई कलश घेऊन दारात आली. जन्म भाड्याच्या खोल्यांत काढलेली बाई, स्वतःच्या उंबऱ्यात पहिलं पाऊल टाकणार, म्हणून बायकोनं जमीन धुऊन घेतली. धारच्या धार लालभडक पाणी उंबऱ्यावरून बाहेर आलं. गुरुजींचा मंत्र अर्ध्यावर राहिला, पाहुण्यांनी चपला शोधल्या.

"रगत हाय की हे," आई पुटपुटली. "मी न्हाय ह्या घरात पाय ठेवायची."

"मामी, रंग हाय. विटांनी प्यालेला," दाजी पांढरेफटक पडून म्हणाले. पण ती माघारी वळून भाड्याच्या खोलीवर निघून गेली. घर तसंच टाकून आम्हीही तिच्या मागं गेलो.

संध्याकाळी दाजी वळकटी आणि आक्काला घेऊन आमच्या त्या रिकाम्या घरात राहायला आले. "काय वंगाळ व्हायचं ते आदी माजं होऊ दे," एवढंच बोलले. रोज शाळेच्या आधी जमीन घासायची आणि लाल पाणी बाहेर लोटायचं. शेवटी लेकीच्या काळजीनं आई तणतणत तिला न्यायला आली. बघते तर जावई गुडघ्यांवर बसून घासतोय, धोतर गुलाबी, बोटं सोललेली. आई बराच वेळ उंबऱ्याबाहेर उभी राहिली. मग पदर खोचून सरळ आत गेली.

"उठा आता, जावईबापू. च्या ठेवते," म्हणाली आणि स्वतःच्या घरातला स्टो तिनं पहिल्यांदा पेटवला.

त्या घरात ती शेवटपर्यंत राहिली. जावयाचं तोंडावर कौतुक करायचं नाही ही आमच्याकडची रीत, ती तिनं कडक पाळली. दाजी वारल्यावर मात्र आल्यागेल्याला सांगायची, "आमच्या जावयानं केलाय कोबा. लई गार वाटतं बगा पायाला." मी ऐकत असायचो आणि मनात म्हणायचो, आई, एवढं एकदा त्यांच्या कानावर जायला हवं होतं गं.