व्हर्नाच्या धुराड्यातली चार फूट उघडी नळी

एल्डन हॅस्केल माणसांच्या तोंडाकडे कमी आणि छपरांकडे जास्त बघायचा. रस्त्यात कोणी भेटलं की त्याला आधी त्या माणसाचं धुराडं आठवायचं, मग नाव. बोलायला अगदी कंजूष. त्याच्याशी गप्पा मारण्यापेक्षा गोठलेल्या नदीत गळ टाकून बसणं परवडलं, असं मी त्याला तोंडावर सांगायचो. त्यावरही तो काही बोलायचा नाही.

अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या आमच्या गावातली कागदाची गिरणी बंद पडली तेव्हा अर्धी माणसं निघून गेली आणि उरलेली लाकडं जाळत बसली. विटांच्या जुन्या उघड्या शेकोट्यांत लोखंडी शेगड्या बसवायचं काम मग एल्डनकडे आलं. शेगडीपासून धुराड्याच्या टोकापर्यंत स्टीलची नळी जाते. ती नुसती सोडून चालत नाही. आधी अंगणात आडवी टाकायची, तिला उष्णता अडवणारी जाड पांढरी दुलई गुंडाळायची, वरून तारेची जाळी मोज्यासारखी चढवायची आणि मग छपरावरून खाली सोडायची. दुलई नसेल तर नळीत धूर थंडावतो आणि चिकट काजळी धरते. ती काजळी कधीतरी पेटते, आणि पेटली की तिची धग विटांमागच्या लाकडी खांबांना लागते. एल्डन छपरावर असायचा आणि मी, लेस्टर, खाली शेकोटीच्या तोंडाशी बसून दोरी ओढायचो. खालच्याला वरचं काही दिसत नाही, पण हाताला सगळं कळतं.

व्हर्ना स्टिन्सनच्या घरी आम्ही गेलो ते ऑक्टोबरच्या शेवटी. तिचा नवरा त्याच वसंतात गेला होता. घरात ती एकटी, बाहेर बर्फाचं आभाळ, आणि शेगडी त्या दिवशी पेटायलाच हवी होती. नळी अर्ध्यावर आली आणि अडकली. त्या धुराड्याला वरच्या झोपायच्या खोलीमागे एक वळण आहे. तिथे आतले खापराचे जुने नळ इतके अरुंद, की दुलईसकट नळी जाईना. अशा वेळी करायचं काय ते ठरलेलं आहे. नळी वर ओढायची, आतलं खापर फोडून काढायचं, दोन दिवस धूळ खायची आणि मग पुन्हा सुरुवात करायची.

एल्डनने नळी वर ओढली. थोड्या वेळाने ती परत खाली आली आणि या वेळी अशी सरळ आली की मीच मागे कलंडलो. बाहेर जाऊन बघतो तर गवतावर दुलईच्या पांढऱ्या पट्ट्या पडलेल्या. वळणात येणारा चार फुटांचा भाग त्याने सोलून काढला होता. तो खाली उतरला, पट्ट्या गोळा करून गाडीत टाकल्या आणि माझ्याकडे बघितलं नाही. मीही विचारलं नाही. बर्फ पडायला लागला होता, मला घरी जायची घाई होती. हे कारण मी आजही देतो आणि आजही ते मला पटत नाही. संध्याकाळी व्हर्नाची शेगडी पेटली. तिने आम्हाला ब्लूबेरीचा केक दिला आणि मी दोन तुकडे खाल्ले.

पाच वर्षांनी शेजारच्या गावात एक घर जळालं. आग भिंतीच्या आत लागली होती. खांब वर्षानुवर्षं तापून कोळशासारखे झाले होते आणि एका साध्या थंडीच्या दिवशी ते पेटले. एल्डन ते बघायला गेला आणि परत आला तो वेगळाच माणूस होऊन. तेव्हापासून वर्षातून एकदा होणारी व्हर्नाच्या धुराड्याची सफाई चारदा व्हायला लागली. तिथली काजळी तो अशी खरवडायचा की दुसऱ्या कोणाच्या घरी तशी कधी खरवडली नाही. काम झालं की शेगडी पेटवून चांगली तापू द्यायचा आणि मग विचारायचा, वर जाऊन येऊ का? वर जाऊन तिच्या पलंगाच्या उशाशी भिंतीवर तळहात ठेवून पाच मिनिटं उभा राहायचा. मग खाली येऊन केक खायचा.

गाव काय आंधळं असतं? शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये घेवड्याच्या गावजेवणाला सगळे जमले की कोणीतरी हमखास विचारायचं, "काय एल्डन, व्हर्नाच्या वरच्या मजल्याची सफाई झाली का?" पोरीबाळी तोंड लपवून हसायच्या. व्हर्ना लाल व्हायची, पण तिने कधी कोणाला गप्प केलं नाही. तो येणार त्या दिवशी केस नीट बसवून घ्यायची, हे मी पाहिलंय. मी एल्डनला म्हणायचो, एक तर तिला सांग नाहीतर ते काम पुन्हा कर. तो म्हणायचा, येत्या वसंतात. असे सोळा वसंत गेले.

गेल्या वर्षी डॉक्टरांनी त्याच्या हृदयाची तपासणी करून शिडी बंद केली. सफाई थांबली, म्हणजे आता तिच्या भिंतीवर हात ठेवायला कोणी जाणार नव्हतं. त्याने व्हर्नाला फोन केला, महत्त्वाचं बोलायचंय म्हणाला आणि मलाही बरोबर घेतलं.

आम्ही दुपारी गेलो. तिने ठेवणीतल्या बशा काढल्या होत्या. निळा स्वेटर घातला होता आणि गळ्यात मोती. ती कसल्या बोलण्याची वाट बघत होती ते मोती बघितल्यावर मला कळलं. मी एल्डनला दारातूनच मागे ओढायला हवं होतं.

त्याने उभ्याउभ्याच सांगितलं. वळण, अरुंद खापर, सोललेली दुलई, एकवीस वर्षं. आजपासून शेगडी पेटवू नकोस म्हणाला. व्हर्ना ऐकत राहिली. हातातली सुरी तिने केकशेजारी सरळ ठेवली.

"म्हणजे तू वर जाऊन भिंतीला हात लावायचास, ते..."

"भिंत तापलीय का बघायला."

"दर वेळी?"

"दर वेळी."

"एवढंच?"

एल्डनने टोपी या हातातून त्या हातात घेतली. खोलीत शेगडीतली लाकडं तडतडत होती.

"एवढंच," तो म्हणाला.

व्हर्नाने केक उचलला आणि आत नेऊन ठेवला. परत येऊन शेगडीची हवा बंद केली. आग विझेपर्यंत आम्ही तिघे कोट घालून बसलो, आणि त्यात दोन तास गेले.

गाडीत मी त्याच्यावर खेकसलो. खोटं का बोललास? तुझ्या स्वयंपाकघरात तिने विणलेला मफलर खुंटीला आहे, हिवाळ्यातसुद्धा तू तो घालत नाहीस, मळेल म्हणून. तो म्हणाला, "लेस, तिला एवढी वर्षं फसवलं असं सांगितलं. त्याच दमात दुसरं सांगितलं असतं तर तिने ते काय म्हणून घेतलं असतं?"

दुसऱ्या गावच्या माणसांनी व्हर्नाची भिंत उघडली. उशामागचा खांब चार बोटं आतपर्यंत काळा झाला होता. त्यांनी खापर फोडलं आणि नवी नळी पूर्ण दुलईसकट सोडली. तोवर ती बहिणीकडे राहायला गेली होती. फेब्रुवारीत एल्डन खुर्चीत बसल्याबसल्या गेला. व्हर्ना दफनाला आली नाही.

एप्रिलमध्ये ती घरी परतली, तेव्हा मी मफलर घेऊन तिच्याकडे गेलो. दारातच उभं राहून सगळं सांगितलं. तो कुठे टांगलेला असायचा, तो का घालत नसे, गाडीत काय म्हणाला. मला वाटलं होतं ती रडेल.

"तू होतास ना त्या दिवशी इथे?" तिने विचारलं. "तो ‘एवढंच’ म्हणाला तेव्हा?"

"होतो."

"आणि तुला ठाऊक होतं?"

"हो."

"दुलई काढलेलीही तुला ठाऊकच होती."

मी मान डोलावली.

"म्हणजे दोन्ही वेळा तू गप्प बसलास, लेस," ती म्हणाली. मफलर माझ्या हातातून घेतला आणि दार हळूच लावून घेतलं.