सामंत सरांना विचारलेला अर्थ

सामंत सरांपुढे 'टाइप' हा शब्द उच्चारला की तास तिथंच थांबायचा. अंबरनाथच्या एका कारखान्यातून ऑफिसर म्हणून निवृत्त झालेले सर बेलवलीतल्या आपल्या हॉलमध्ये स्पर्धा परीक्षांच्या मुलांना अवघड इंग्रजी शब्द शिकवायचे. एकदा उल्हासनगरच्या एका मुलीला त्यांनी 'मेलन्कली'चा अर्थ विचारला.

"सर, मतलब... उदास टाइप."

"टाइप? हॉटेलात जाऊन उपास टाइप खिचडी मागतेस का? सरळ अर्थ सांग!"

आम्ही हसलो खरे, पण पुढचा नंबर आपला म्हणून लगेच वह्यांत डोकी खुपसली. माणूस महाखडूस. तरी क्लास कुणी सोडत नसे.

त्याच वर्षी माझे बाबा आजारी पडले. मोरिवलीच्या घरून हॉस्पिटलात आमच्या खेपा सुरू झाल्या. एका संध्याकाळी सर भेटायला आले आणि तेवढ्यात डॉक्टरही आले. बाबांना तपासून ते बाहेर आले, "नाउ ओन्ली पॅलिएटिव्ह केअर," म्हणाले आणि घाईने पुढच्या खोलीत शिरले.

"काय गं बोलला डॉक्टर?" आईनं मला विचारलं. "नवीन दवा चालू करतायत का?"

शब्द मला येत होता. सरांनीच शिकवला होता. पण जीभ उचलेना. आई सरांकडे वळली. "सर, तुम्ही सांगा."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. आज त्यांनी खुशाल थाप मारावी, असं मला मनापासून वाटलं. ते आईशेजारी बाकावर बसले.

"वहिनी, आजार आता बरा होणार नाही. त्यांना दुखू नये, एवढंच बघायचं. असा अर्थ आहे त्याचा."

मला सरांचा भयंकर राग आला.

"मग मी यांना घरी नेते," आई म्हणाली.

घरी बाबांनी कितीतरी वर्षं अबोला धरलेल्या काकाला बोलावून घेतलं. आईशी तर दिवसभर बोलत. कधी दोघं भांडत, कधी आतून हसण्याचा आवाज येई. एका सकाळी बाबा गेले.

त्यानंतर सर आले ते दारातच थांबले. "वहिनी, त्या दिवशी माझ्या तोंडून ते जायला नको होतं."

"आत या सर," आई म्हणाली. "लग्न झाल्यापासून बोललो नव्हतो एवढं आम्ही या दिवसांत बोललो. तुम्ही खोटं बोलला असतात, तर मी नुसती 'बरे व्हाल, बरे व्हाल' करत बसले असते."