तिरक्या भिंतीपुढचा नंदी

मला कॉम्प्युटरवर सरळ भिंत उत्तम काढता येते. पण युसूफ वडगावातला नानांचा प्लॉट तिरका आहे.

नाना म्हणजे माझे सख्खे काका. किराणा दुकानामागे त्यांना नवं घर बांधायचं होतं, आणि "नकाशा पुतणीच काढणार!" असं त्यांनी गावभर सांगून टाकलं होतं. मी नुकतीच आर्किटेक्चर पास झालेली, पहिलंच काम! आनंदाने जेवण जाईना. अट एकच: रविवारी मी लॅपटॉप टीव्हीला जोडून घराचं चित्र दाखवायचं. पटलं तर ठीक, नाहीतर काम बीडच्या इंजिनिअरला.

कॉम्प्युटरवर घर झकास उभं राहिलं. घोळ फक्त शेजारच्या शिवअप्पांच्या बोळाकडच्या भिंतीचा. बोळ जातो तिरका, म्हणजे भिंतीचं टोकही तिरकंच कापायला हवं. सॉफ्टवेअर मात्र प्रत्येक भिंत वडीसारखी चौकोनी कापणार! टोकाचा एक कोपरा थेट बोळात घुसलेला. मी ओढलं, ढकललं, शिव्या दिल्या (त्याला मराठी येत नाही). शेवटी इंटरनेटवरून एक तयार दगडी नंदी उतरवला आणि अंगणात त्या टोकापुढे बसवला. समोरून पाहिलं तर कोपरा गायब! मी खोलीभर नाचले.

रविवारी नाना, काकू आणि शिवअप्पा टीव्हीपुढे जमले. नंदी दिसताच नाना उभेच राहिले.

"आरं वा, नंदी! लई भारी! बघितलं का, शिवअप्पा?"

शिवअप्पांनी हात जोडले. मी हवेत!

तेवढ्यात काकूने विचारलं, "नंदी बघतोय कुणाकडं गं?"

नंदीसमोर महादेव लागतो, हे आमच्या घरात रांगत्या लेकरालाही ठाऊक. मी चित्र फिरवून दाखवलं. नंदी भक्तिभावाने संडासाच्या दाराकडे बघत होता!

"फिरव! आधी फिरव त्याला!" नाना ओरडले.

मी घाईत फिरवला. आता तोंड शिवअप्पांच्या घराकडे.

"म्हंजे महादेव आमच्या घरात हाय!" शिवअप्पा खूश.

"नंदी माझा अन् महादेव तुमचा? न्हाई जमायचं! पोरी, काढ तो नंदी!"

काढला. मागून भिंतीचा कोपरा हजर!

"नाना, ही भिंत माझ्या बोळात कावून आली?" शिवअप्पांचा आवाज चढला.

"नाना," मी पुटपुटले, "मला टोक तिरकं कापता येत नाही. नंदी झाकायला ठेवला होता."

नानांनी इंजिनिअरचा नंबर शोधायला मोबाईल काढला. त्या धसक्यात मी दिसेल ते बटण दाबत सुटले, आणि भिंत कापायचं हत्यार सापडलं! एक तिरकी रेघ, एक टिचकी, आणि टोक बोळाच्या रेषेत तिरकं!

"जमलं! नाना, जमलं!" मी किंचाळले.

शिवअप्पांनी चष्मा लावून, टीव्हीला नाक टेकवून खात्री केली. नानांनी मोबाईल खिशात टाकला आणि काकूला चहा टाकायला सांगितलं.

घर बांधून झालं. वास्तुशांतीला मी मैत्रिणींना ओढतच त्या भिंतीकडे नेलं. टोक दिसेचना! संडासाची जागा नानांनी आधीच माझ्याकडून मागे हलवून घेतली होती. त्या रिकाम्या जागी आता महादेव होता, आणि त्याच्यासमोर, बरोब्बर माझ्या टोकाला पाठ लावून, खराखुरा दगडी नंदी! चूक झाकायला मी आणलेला नंदी आता माझं एकुलतं एक बिनचूक काम झाकून बसलाय. जाते तेव्हा पाया पडते, दुसरं काय करणार!