देवाच्या निर्णयावर अपील

राज्यात सार्वभौम सत्ता एकच असते, ती अविभाज्य असते आणि तिच्या निर्णयावर अपील नसते. मुंबईच्या एका कॉलेजात मी गेली नऊ वर्षे हे वाक्य मुलांना उतरवून देतो. ज्या सकाळी मी घर सोडले, त्या सकाळी आमच्या सार्वभौम सत्तेने मला जाऊ नको म्हणून स्वच्छ सांगितले होते, आणि आम्ही न्याहारीच्या आत अपील केले होते.

आमचे गाव पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पदरात. तिथली सत्ता म्हणजे ग्रामदेवाचा काळा पाषाण. गुरव त्याच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणे घालतो आणि सगळे वाट पाहतात. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. हा कौल. पेरणी, सोयरीक, गिरणीतली नोकरी, कशालाही कौलाशिवाय कोणी हात घालत नसे. महाडच्या कचेरीत बादशहाची तसबीर आहे आणि तिच्याखाली मामलेदार बसतात, हे आम्ही ऐकून होतो. एकदा मामलेदारांनी मंगळवारी रस्त्याच्या कामावर हजर राहा म्हणून हुकूम काढला. देवाने शुक्रवार दिला. गाव शुक्रवारी गेले. मामलेदार समजूतदार होते. दप्तरात हुकूम शुक्रवारचाच निघालेला दिसेल.

मी महाडच्या शाळेतून मॅट्रिक झालो आणि मुंबईच्या कॉलेजात मला जागा मिळाली. दासगावच्या बंदरातून पावसाळ्याआधीची शेवटची बोट दुसऱ्या दिवशीच्या भरतीला सुटायची होती. ती चुकली की समुद्र नारळी पौर्णिमेपर्यंत बंद, आणि तोवर माझ्या जागेवर दुसरा कोणी बसलेला. बैलगाडी जुंपली होती, पेटी गाडीत चढली होती. बाबा म्हणाले, कौल घेऊन निघू.

डावी पडली.

"देव नाय म्हनतो," बाबा म्हणाले. "पेटी उतरव."

त्यांना फार वाईट वाटल्यासारखे दिसले नाही. मी त्यांचा एकुलता एक, आणि नांगराला दोन हात हवेच होते. मी पेटीच्या कडीला हात घातला. आई देवळाच्या पायरीखाली उभी होती. कौलाच्या वेळी बायकांनी बोलायचे नाही अशी आमच्याकडची रीत. आई ती आयुष्यभर पाळत आली होती.

"गुरवभावजी," ती म्हणाली, "देवाला इचारलंत काय?"

"पोराला ममईला धाडू का, असं इचारलं."

"मंग तो नायच म्हननार. त्याचंच लेकरू हाय. इचारा, ह्यो परत येल का?"

गुरवकाकांनी बाबांकडे पाहिले. बाबांनी बैलांकडे पाहिले. देवाला प्रश्न बदलून विचारू नये असा काही नियम नव्हता, कारण तोवर कोणाला तो करावा लागला नव्हता. नव्या पाकळ्या लागल्या. गाडीवान दोनदा खाकरला. उजवी पडली.

"परत येनार हाय तर आधी जाया नको?" असे म्हणून आई चुलीवरची भाकरी बघायला घरी गेली.

त्यानंतर मी कायद्याचा अर्थ लावणाऱ्या बऱ्याच मोठ्या लोकांची पुस्तके वाचली. इतक्या थोड्या शब्दांत इतके काम कोणी केलेले मला आढळले नाही. दासगावच्या धक्क्यावर पेटी बाबांनी स्वतःच्या डोक्यावरून बोटीत चढवली आणि म्हणाले, "देवानं सांगितलंय. इसरू नको."

मी विसरलो नाही. दर शिमग्याला पालखी निघते तेव्हा मी गावात असतो. रजेच्या अर्जात मी 'गावी हजर राहणे भाग आहे' एवढेच लिहितो. आमचे प्रिन्सिपॉल समजतात की महाडच्या कोर्टात माझा एखादा जुना खटला चालू आहे, आणि सहानुभूतीने सही करतात. माझा देवावर विश्वास किती, हे मला कोणी विचारलेले नाही. देवानेही नाही.

गावची जी मुले परळला एका खोलीत राहून गिरणीत काम करतात, त्यांच्याकडे मी रविवारी जातो. पाळी बदलू का, खाते बदलू का, धाकट्याला बोलावू का, असे त्यांचे प्रश्न मी पोस्टकार्डावर लिहितो आणि गुरवकाका उत्तर पाठवतात. आईपासून धडा घेऊन मी प्रश्न जरा नीट मांडतो. अलीकडे उजवी बरीच पडते असे ते म्हणतात, ते खरे आहे.

वर्गात कधी एखादा खादीची टोपी घातलेला विद्यार्थी उभा राहून विचारतो, की मग सर, आपल्या देशात सार्वभौम कोण? मी सांगतो की तो प्रश्न परीक्षेला येत नाही. मुले हसतात, मीही हसतो आणि घंटा होते. ट्रामने माझ्या खोलीवर परतताना मात्र मला वाटते, माझ्यापुरते उत्तर मला माहीत आहे. मुंबईत मी नियम पाळतो, कारण दंड होतो. परत येण्याचा गावचा हुकूम मोडला तर मला कोणीही काही करणार नाही, आणि तोच मी आजवर मोडलेला नाही. माझे घर आता एवढेच आहे, आणि मला ते पुरते.

यंदा शिमग्याला गुरवकाकांचा थोरला भेटला नाही. काकांकडे चौकशी केली तर म्हणाले, तो गेल्या मे महिन्यात मुंबईला गेला, गिरणीत लागला, परळच्या खोलीवर नाही, मामाकडे राहतो. कौल कोणता पडला होता, मी विचारले.

"त्येचा नाय लावला, मास्तर," ते म्हणाले. "शेवटची बोट होती. चुकली असती."