पुंडलिक मास्तरांची जागा

पुंडलिक मास्तर गेल्याचं मला वांकिडीच्या कचेरीत कळलं. शेताच्या पहाणीची, म्हणजे सातबाऱ्यासारख्या उताऱ्याची, नक्कल देता देता कारकून म्हणाला, परवा दम्यानं गेले, सगळं आटोपलं. मला कोणी निरोप धाडला नव्हता... त्याला आता दीड महिना झाला.

आम्ही एकाच मराठी शाळेत शिकवायचो. ते बौद्ध वस्तीतले, मी पाटलांच्या घरातला. खडूच्या धुळीनं त्यांचा दमा वाढत गेला. फळ्यावर दोन ओळी लिहिल्या की टेबल धरून उभे राहत. ऐंशीनंतरच्या एका उन्हाळ्यात कोणीतरी उत्तरेतल्या योगाश्रमाचं सांगितलं. माझी पाठ दुखायची, सोबत हवी होती, म्हणून मीच त्यांना गळ घातली.

आश्रमात देशोदेशीची माणसं. कोणी गुडघ्यासाठी आलेलं, कोणी मनाच्या शांतीसाठी. मास्तर फक्त श्वासासाठी आले होते, आणि तो त्यांना मिळू लागला होता. चौथ्या दिवशी ते नदीपर्यंत न थांबता चालले आणि काठावर बसून कितीतरी वेळ हसत राहिले. पाचव्या दिवशी नोंदवहीवाल्यानं आडनाव विचारलं, मग जात. त्यांनी सरळ सांगितली. दुसऱ्या सकाळी सगळे डोळे मिटून बसलेले असताना एका साधकानं पायानं त्यांची चटई हलवली आणि हळूच सांगितलं, तुमची सेवा आता गोठ्यात. मी शेजारीच होतो. सगळं ऐकलं. उठलो नाही.

ते त्याच दुपारी निघाले. मी महिना पुरा करून आलो. माझी पाठ बरी झाली.

शाळा उघडली तेव्हा त्यांनी एकदाच विचारलं, "तू काऊन नाई उठला, माधव?"

"माये डोये मिटले होते," मी म्हणालो.

त्या दिवसापासून ते मला 'तुमी' म्हणू लागले.

आश्रमात शिकलेला प्राणायाम मात्र त्यांनी सोडला नाही. पुढं घरच्याच खोलीत, खोकणाऱ्या कोणालाही, नावगाव न विचारता शिकवत राहिले. नव्वदनंतर तर कापसाच्या जिनिंगमधल्या बायाही यायच्या. मी कधी गेलो नाही. त्यांनी बोलावलंही नाही...

परवा त्यांच्या घरी गेलो. मास्तरांच्या पत्नीनं, सुशीलावहिनींनी, ती खोली उघडली. भिंतीजवळची शहाबादी फरशी बसून बसून गुळगुळीत झाली होती. मी टेकायला वाकलो.

"तिथं नका बसू, भाऊजी," त्या म्हणाल्या. "ती त्यायची जागा हाय."

आवाजात राग नव्हता. मी उभाच राहिलो.